वहिनींनी खाल्लेली मतं

माझं लहानपण नाशिकला गेलं, पण मोठा मी कुवेतच्या रिग्गईत झालो, तेही तिशी उलटल्यावर. आमच्या हिला हे वाक्य मनापासून पटलेलं आहे. तिच्या मते अजूनही थोडं बाकीच राहिलंय. नाशिकच्या घरात जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवलं की मी घरकाम केलं असं समजत असे. तसाच मी कुवेतला उतरलो आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की इथे मी ‘बॅचलर’ आहे. बायको जवळ नसलेल्या प्रत्येक पुरुषाला तिथे बॅचलर म्हणत. गावी नातवंडं खेळवणारा फोरमनही बॅचलर आणि ज्याचं लग्नच ठरत नव्हतं तो मीही बॅचलर. माझं न ठरण्याचं कारण पत्रिकेत नव्हतं. सुट्टीत नाशिकला आलो की मुलीकडची मंडळी चहा होईपर्यंत खूश असत. मग कोपऱ्यातले एखादे काका विचारत, “कुवेत म्हणजे तेच ना, जिथं ते शेजारचे घुसले होते? आणि समजा परत घुसले तर?” याचं उत्तर त्या काळात कुणाकडेच नव्हतं.

मी शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह दुरुस्तीचं काम पाहत असे. वर्कशॉपच्या मागेच कंपनीची खोली होती. ती एका बाजूनं एसीच्या घरघरीनं आणि दुसऱ्या बाजूनं आम्हा लोकांच्या घोरण्यानं भरलेली असे. जेवायला खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि डाळ. दुसऱ्या दिवशी डाळ आणि खुबूस. एकदा पेट्रोकेमिकल कारखान्याचे एक इंजिनियर स्वतः एक व्हॉल्व्ह घेऊन आले. हे ठाण्याचे अरविंद टिपणीस. उंच, गोरे, आवाज असा की त्यांना फोनची गरज नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणत. व्हॉल्व्ह बघता बघता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवतोस कुठे रे?” मी सांगितलं. ते म्हणाले, “हे जेवण नव्हे, ही शिक्षा आहे. शुक्रवारी रिग्गईला घरी ये.” मी शुक्रवारी गेलो आणि पुढची अकरा-बारा वर्षं जातच राहिलो. काही महिन्यांनी तर स्वयंपाकघरालगतच्या छोट्या खोलीत भाड्यानं राहायलाच गेलो. तिथल्या फ्लॅटच्या नकाशात ती खोली मोलकरणीची असते. भाऊंकडे मोलकरीण नव्हती. मी आलो आणि शैलावहिनींनी नकाशाचा हेतू बऱ्यापैकी सफल करून घेतला.

वाल कसे भिजवायचे, मोड आले की बोटांत धरून साल कशी सोडवायची, सोड्यांची खिचडी खाली लागू नये म्हणून आच कधी कमी करायची, हे सगळं मी त्या घरात शिकलो. शुक्रवारी सकाळी भाऊ मला मासळीबाजारात नेत. झुबैदी म्हणजे तिथलं पापलेट. त्याचा कल्ला उघडून आत बघायचं आणि मग नाक मुरडायचं, पसंत असलं तरी मुरडायचं, हा भाऊंचा नियम. बाजाराहून परत येताना रस्ते रिकामे असत, मशिदींतून शुक्रवारच्या खुतब्याचा, म्हणजे प्रवचनाचा, आवाज येत असे आणि गाडीत मासे, बर्फ आणि भाऊंचा परराष्ट्रधोरणावरचा विचार असे तिघं असायचे. घरी आल्यावर वहिनी विचारत, “ताजी आहे ना?” भाऊ म्हणत, “आत्ताच श्वास घेत होती.” वहिनी म्हणत, “तुम्ही बोलत असणार, म्हणून तिला संधी मिळाली नसेल.” त्यांची मुलगी ऋता तेव्हा शाळेत होती. तिला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येई. मी वाल सोलायला बसलो की ती शेजारी बसायची आणि म्हणायची, “मधूकाका, यू आर सो स्लो.” आज ती दुसऱ्याच एका देशात असते आणि तिचा मुलगा मला तेच म्हणतो.

शुक्रवारच्या जेवणाला डॉक्टर बर्वे हमखास असत. ते एका सरकारी इस्पितळात लहान मुलांचे डॉक्टर. माझ्यासारखेच नाशिकचे, त्यामुळे मला “काय गाववाले” म्हणून हाक मारत. भाऊंचे ते सगळ्यात जवळचे मित्र होते. म्हणजे असं की भाऊ जे काही म्हणतील त्याच्या उलट त्यांना वाटत असे. कोलंबीचं खडखडलं ताटात पडलं की वाद सुरू होई. आम्हाला कुठेच मत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण असावं. कुवेतच्या निवडणुकीत आम्ही परके आणि भारतातल्या निवडणुकीत गैरहजर. मत कुठे टाकता येत नसल्यामुळे आमच्याकडे मतांचा साठा फार झाला होता.

अमेरिकेत त्या सुमारास जी अटीतटीची निवडणूक झाली, ती तर आमच्या त्या टेबलावर तीन महिने चालली. दोन बड्या उमेदवारांच्या मध्ये एक तिसरा उभा राहिला होता. त्याला मिळून मिळून मूठभर मतं पडली, पण एका राज्यात निकाल इतका काठावर आला की ती मूठच भारी ठरली, असं सगळे म्हणत. पुढे आमच्या उत्तरेच्या वाळवंटात फौजा जमायला लागल्या तेव्हा डॉक्टर बोट नाचवत म्हणाले, “हे सगळं त्या तिसऱ्या माणसामुळे! तो घरी बसला असता तर आज हे रणगाडे आले नसते.”

भाऊ म्हणाले, “मग त्याचा पत्ता द्या. मी त्याला हार घालतो.”

“हार घाला! उद्या क्षेपणास्त्र आलं की त्यालाच बोलवा.”

“आणि नाही आली ही फौज, तर शेजारचा परत येईल. तेव्हा कुणाला बोलवायचं? तुम्हाला? थर्मामीटर घेऊन?”

वहिनी भात वाढत म्हणाल्या, “तो तिसरा बिचारा कशासाठी उभा होता, ते कुणी विचारलं का?”

कुणालाच माहीत नव्हतं. मग भाऊ म्हणाले, “त्याचा काय संबंध?” आणि वाद पुढे सुरू झाला.

तो हिवाळा विचित्र होता. दुकानांतून चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे कागद संपले होते. एक खोली हवाबंद करून ठेवा असं सगळीकडे सांगत होते, म्हणून लोक अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जाऊन रबराच्या पट्ट्या आणत होते. आणि ऐन त्या दिवसांत आमच्या महाराष्ट्र मंडळाची निवडणूक आली. एरवी निवडणूक म्हणजे कुणाला तरी धरून अध्यक्ष करायचं आणि त्यानं वर्षभर खुर्च्या मोजायच्या. त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी सुचवलं की पाडव्याच्या कार्यक्रमाची सुरुवात शांतिपाठानं करावी. भाऊ ताडकन उठले. “या दिवसांत शांतिपाठ म्हणजे फौजेला विरोध. मंडळाला असली भूमिका घेता येणार नाही. इकामे रद्द होतील!” इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, तो शब्द उच्चारला की भल्याभल्यांची भूक जाई. डॉक्टर म्हणाले, “शांतिपाठ संस्कृतात आहे. तो आपल्यालाच कळत नाही, तर इकामा देणाऱ्याला काय कळणार?” भांडण वाढलं आणि पुढल्या आठवड्यात दोघांनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरले. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच मतदान होणार होतं.

मी अर्थातच भाऊंचा माणूस. शुवैख, अम्गरा इथले बॅचलर सभासद माझ्या शब्दातले होते, ती मतं पक्की. पेट्रोकेमिकलमधली कुटुंबं बहुतेक भाऊंची. डॉक्टरांकडे इस्पितळांतल्या नर्स, तंत्रज्ञ आणि नाशिककर. मी आकडे मांडले तेव्हा पारडं अगदी बरोबरीचं दिसत होतं. मग मला त्या अमेरिकेतल्या तिसऱ्या माणसाची आठवण झाली आणि माझ्या डोक्यात एक अत्यंत हुशारीची कल्पना आली. माझ्या आयुष्यातल्या हुशारीच्या कल्पना एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यांतली एकही यशस्वी झालेली नाही. कल्पना अशी की एखादी स्त्री उमेदवार उभी करायची. नर्स मंडळी तिला मतं देतील, तेवढी डॉक्टरांची कमी होतील आणि भाऊ आरामात निघतील. भाऊंना यातलं काही सांगायचं नाही; त्यांना असलं आवडलं नसतं.

वहिनी ओट्याशी कोलंबी सोलत होत्या. मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही का उभ्या राहत नाही अध्यक्षपदाला?”

त्यांनी मान वर केली नाही. “घरात एक अध्यक्ष आहे, तो पुरतो.”

“तसं नाही. पण मंडळात बायकांचा आवाज ऐकू यायला हवा.”

“बायकांचा आवाज तुला कधीपासून ऐकू यायला लागला? परवा सिलिंडरसाठी चार हाका मारल्या मी.”

त्यांनी कोलंबीचा काळा धागा ओढून काढला, पाण्याखाली बोटं धरली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “सूचक, अनुमोदक लागतात ना? तेवढे तू बघ.” मी खूश झालो. वर्कशॉपमधला परभणीचा सखाराम आणि त्याचा एक सोबती, असे दोघं मी सह्या करायला आणून दिले. माझं नाव कुठेही येऊ नये याची काळजी घेतली. ही काळजी मी पुढे फार वर्षं घेतली.

वहिनींचा अर्ज जाहीर झाला तेव्हा भाऊ आधी हसले. “ही? आमची ही?” मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. पुढचे पंधरा दिवस त्या घरात दोन प्रचारकचेऱ्या होत्या. भाऊ हॉलमधल्या फोनवरून एका घरी बोलत आणि त्यांनी ठेवला की वहिनी आतल्या फोनवरून त्याच घरी बोलत. जेवताना भाऊ म्हणत, “विरोधी उमेदवारांना विनंती आहे की त्यांनी आमटी वाढावी.” वहिनी वाढत आणि म्हणत, “मतदारांनी नोंद घ्यावी, अजून काम कोण करतंय.” ऋता टाळ्या वाजवायची, “ममा व्हर्सेस बाबा! सो कूल!” मी खाली मान घालून जेवत असे. बिरडं मात्र त्या दिवसांतही नेहमीसारखंच होत होतं, हे सत्य नोंदवतो.

मतदानाच्या दिवशी रिग्गईतल्याच एका इमारतीच्या तळघरात सगळे जमले. आधी तिघांनी बोलायचं होतं. डॉक्टर शांतपणे बोलले. म्हणाले, “परक्याच्या घरात शिरलेली फौज पाहुण्यासारखी उठून जात नाही. आत जाण्याचा दिवस ठरवता येतो, बाहेर पडण्याचा नाही.” नर्सच्या रांगांतून टाळ्या आल्या. भाऊ उठले. त्यांचा आवाज आधीच मोठा, त्यात तळघर. ते म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही नंतर आलात. आम्ही इथे होतो! शेजाऱ्याचे रणगाडे आमच्या खिडकीखालून गेले. घर, पगार, सगळं सोडून, मांडीवर पोर घेऊन, बसमधून वाळवंट ओलांडून आम्ही अम्मानला पोचलो. ती परकी फौज आली नसती तर तुमचं हे इस्पितळ आज कुणाच्या ताब्यात असतं?” आता कुटुंबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि बॅचलरांकडे पाहून खूण केली, तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

मग वहिनी उभ्या राहिल्या. साडीचा पदर खोचलेला होता, स्वयंपाकघरातून उठून आल्यासारखा. “मीही इथेच होते,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. फक्त एक राहिलं. तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी हे होते. बस ठरवली ती मंडळानं. बस भरली तेव्हा हे म्हणाले, थांबू या, अम्गऱ्याच्या वखारीतली आपली दोन पोरं राहिली आहेत, त्यांना निरोप पोचलेला नाही. मी म्हटलं, नाही, चला. ऋता मांडीवर होती. मी म्हटलं आणि बस निघाली. ती पोरं पुढे महिनाभरानं आपली आपण सुखरूप पोचली, आपल्यामुळे नव्हे. परत आल्यावर आम्ही गणपती बसवला. ते दोघं परत मंडळात आले नाहीत, आणि ते का येत नाहीत हे आम्हीही कुणी विचारलं नाही.”

त्यांनी एकदा मागच्या बॅचलरांच्या रांगांकडे पाहिलं.

“फौजेनं यावं की येऊ नये, यावर इथे दोन महिने भांडण चाललंय. भांडा. पण येणारे आपल्याला विचारून येणार नाहीत आणि जाणारे विचारून जाणार नाहीत. मला एवढंच विचारायचंय, की उद्या निघायची वेळ आली तर कुणाच्या गाडीत कोण बसणार? ज्यांना गाडी नाही, बायको नाही, घरी फोन नाही, त्यांना कोण निरोप देणार? ते आज ठरवा. शांतिपाठ नंतर म्हणा, किंवा नका म्हणू.”

त्या बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. भाऊ समोर बघत होते. माझ्या शेजारी सखाराम होता. तो हळूच म्हणाला, “मधूभाऊ, हे बाईमानूस बराबर बोलायलंय.” मी म्हटलं, “ठरलंय ते विसरू नकोस.” तो म्हणाला, “न्हाई इसरत.”

मतदान एका खांबाआडच्या टेबलावर होतं. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि लाडवाच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. मी भाऊंचा प्रचारप्रमुख. ज्या माणसानं मला शिक्षेतून सोडवून जेवायला बसवलं, त्याचं नाव लिहायला मी पेन उचललं. पण मी स्वतः बॅचलर होतो. मी त्या घरात राहत होतो, म्हणून माझी गाडीतली जागा पक्की होती, सखारामची नव्हती. मी ‘शैला टिपणीस’ लिहिलं आणि मनाशी म्हटलं, एका मतानं काय फरक पडतो, भाऊ दहा-बाराने निघतील.

डबा उघडला. नर्स मंडळी डॉक्टरांना सोडून कुठेही गेली नव्हती. आपल्या ड्युट्या बदलून मिळाव्यात म्हणून जो माणूस वरिष्ठांशी भांडला त्याला सोडून त्या कशाला जातील? हे मी कुणा एका नर्सला विचारलं असतं तरी कळलं असतं. फुटले ते माझे बॅचलर. वहिनींची मतं सगळी भाऊंच्या ताटातून गेली होती. वहिनी तिसऱ्या आल्या, आणि डॉक्टर भाऊंच्या पुढे एका मतानं निवडून आले. एका मतानं! डॉक्टरांनाही आनंद कसा करावा ते कळेना. ते भाऊंकडे येऊन म्हणाले, “परत मोजू या का?” भाऊ म्हणाले, “नको. गणित तुमचं कच्चं असेल, माझं नाही.” आणि त्यांनी डॉक्टरांना मिठी मारली. घरी जाताना गाडीत मी म्हटलं, “भाऊ, नर्सनी घात केला.” मागच्या सीटवर वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले ते भाऊंना भेटायला नव्हे. “वहिनी,” ते म्हणाले, “ते गाडीचं जे तुम्ही म्हणालात, ते कसं करायचं?” पुढच्या आठवड्यात प्रत्येक बॅचलरला एक घर आणि एक गाडी ठरवून दिली गेली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायला बॅचलर आले आणि जेवून गेले. निवडून डॉक्टर आले होते, पण राज्य वहिनींचं चाललं होतं. मला वाटतं, निवडणुकांबद्दल मी त्या टेबलावर ऐकलेल्या शेकडो विधानांपेक्षा हे जास्त खरं आहे: तिसरा पडतो, पण जिंकलेल्याला त्याचं म्हणणं खिशात घालून न्यावं लागतं. अर्थात ते खरंच म्हणणं असेल तर.

मग युद्ध सुरू झालं आणि सायरन वाजायला लागले. पाडवा ऐन त्याच दिवसांत आला. गुढी भाऊंच्या हॉलमध्ये, बंद खिडकीला टेकवून उभी केली. सखाराम आणि त्याचे सोबती आले होते. त्यांची गाडी म्हणजे भाऊंचीच. श्रीखंडाची वाटी हातात असताना सायरन झाला आणि सगळे त्या हवाबंद केलेल्या खोलीत घुसलो. वीसेक माणसं, एक पंखा, वेलदोड्याचा वास. तेव्हा भाऊंनी, ज्यांनी शांतिपाठाला विरोध म्हणून निवडणूक लढवली त्यांनी, आपल्या त्या आवाजात शांतिपाठ म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, “आता इकाम्याचं काय?” भाऊ म्हणत म्हणतच बोलले, “सायरनमध्ये कुणाला ऐकू येत नाही.” आम्ही इतके हसलो की सायरन थांबल्याचं कळलंच नाही. त्या दोघांपैकी बरोबर कोण होतं, हे आज वर्तमानपत्र वाचणारा कुणीही सांगेल असं वाटतं. भाऊ अजून मानत नाहीत. ज्याच्या खिडकीखालून रणगाडे गेले त्याच्याशी मी वाद घालत नाही.

मात्र एक गोष्ट मागे राहिली. ‘नवऱ्याला पाडणारी बाई’ हे नाव वहिनींना चिकटलं ते चिकटलंच. मंडळात, लग्नांत, पुढे ठाण्याला परत गेल्यावर नात्यागोत्यात, कुणीतरी ते काढायचंच. “जपून हं, ह्यांनी नवऱ्याची मतं खाल्ली!” थट्टाच होती. वहिनीही हसत. मीही हसत असे, आणि हेच मला इतकी वर्षं टोचत आलं आहे. त्यांना उभं करणारा मी, त्यांना मत देणारा मी, भाऊंना पाडणारा मी. आणि बिल वहिनींच्या नावावर. पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला, निवृत्त होऊन मी नाशिकला परतलो, तरी कुठे एका मतानं निकाल लागल्याची बातमी आली की मी पान उलटत असे.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याला गेलो. भाऊ आता खुर्चीतच असतात. कानात मशीन आहे, ते आवडत नाही म्हणून बहुतेक वेळ टेबलावर काढून ठेवतात. मी ते त्यांना लावायला लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो अमेरिकेतल्या तिसऱ्याचा हिशोब, सखारामच्या सह्या, खांबाआडची चिठ्ठी. म्हटलं, “भाऊ, तुम्ही पडलात ते मत माझं होतं.”

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग खोकला येईपर्यंत हसले. “तूसुद्धा! अरे, सखाराम परभणीहून फोन करून रडला होता, भाऊ, माझ्या मतानं घात झाला म्हणून. त्याचा तो सोबती येऊन गेला. पेट्रोकेमिकलचे कितीतरी जण सुट्टीवर आले की हळूच कानाशी लागायचे. शैलाला जेवढी मतं पडली तेवढे गुन्हेगार! एकच मत कमी पडलं आणि सगळ्यांनी ते वाटून घेतलं. तू तेवढा राहिला होतास.”

“आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? पडलो मी, माफी मला मागितली, मी देऊन टाकली. विषय संपला.” त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं.

मी विचारणार होतो, वहिनींना हे माहीत आहे का? पण त्यांना आता ऐकू येत नव्हतं. मी आत गेलो. वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या. हातांची बोटं थोडी वाकडी झाली आहेत, पण पदर अजून तसाच खोचलेला. मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी तुम्हाला मत देणारे सगळे एकेक करून भाऊंची माफी मागून गेले आहेत.

“सगळे?” त्यांनी गॅस बारीक केला. “आणि ह्यांच्याकडे गेले?”

“हो.”

“माझ्याकडे एकही आला नाही. मला वाटायचं, ह्यांच्यावर कुणाकुणाचा राग असेल, तो निघाला. नाहीतर जेवणाला जागली असतील पोरं.”

मग मी त्यांना माझ्या हुशारीबद्दलही सांगितलं. त्या दिवशी कोलंबी सोलताना मी बायकांच्या आवाजाबद्दल जे बोललो ते खोटं होतं, मला तुम्हाला नुसतं वापरायचं होतं. त्या म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझं तोंड वाचायला काय लागतं? माझं तर त्याच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं. सूचक कुठून आणू या विचारात होते, तेवढ्यात तू आलास. मी म्हटलं, देव पाठवतो माणसं.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. साखरेचा डबा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, “मग, मत का दिलंस मला?”

“तुमचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.”

“काय म्हणालास?”

“तुमचं म्हणणं बरोबर होतं, वहिनी.”

“मला पहिल्यांदाच ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं मशीन टेबलावर आहे. जरा बाहेर जा आणि मोठ्यानं बोल.”

मी हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि बोललो, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं.